अक्कासाठी स्थळ

आमच्या जळगावात मे महिन्यात काय ऊन असतं, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय, दुपारी दोन वाजता कावळा तारेवरून उतरतो आणि सावलीपर्यंत चालत जातो, कारण उडालं तर वारा लागतो आणि वाराच भाजतो. अशा गावात, माझ्या भिंतीला भिंत लावून, एक खोली होती जिथे बारा महिने श्रावण असायचा. त्या खोलीत माणसं राहत नव्हती. तिथे अक्का राहायची.

अक्का म्हणजे कोळ्याची मादी. माळ्यावर जाळं विणतो तो कोळी नव्हे, टॅरँटुला. मूळची मेक्सिकोकडची जात, अंगभर मखमली केस, आठ पाय आणि गुडघ्यांवर केशरी पट्टे. आकार माझ्या तळहाताएवढा. लिहितोय म्हणून तळहात म्हटलं. कट्ट्यावर सांगताना मी पोळपाट सांगतो.

तिला सांभाळणारे सुकलाल नाना. दीपनगरच्या वीज केंद्रात उभी नोकरी बॉयलरवर काढली आणि निवृत्तीनंतर जळगावात घर बांधलं. बुटके, सावळे, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बारका टॉर्च. बॉयलरजवळ काम केलेली माणसं जन्मभर ओरडून बोलतात. नाना उलट इतकं हळू बोलायचे की समोरचा आपोआप पुढे वाकायचा. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "मास्तर, तिथं बठ्ठेच ओरडत, सगळेच. मग ऐकायचं कोणी?"

आणि एक सवय. कुठलंही माप वाचण्याआधी नखाने काचेवर दोनदा टकटक करायचं. प्रेशर गेजचा काटा अडकला असेल तर सुटावा, म्हणून लागलेली ती सवय. मग घड्याळ असो, थर्मामीटर असो, वाण्याचा वजनकाटा असो, नाना आधी टकटक करणार. डॉक्टरकडच्या बीपीच्या यंत्रावरही त्यांनी केली होती. बीपी नॉर्मल निघालं, असं नाना अभिमानाने सांगायचे.

नानांच्या बायकोला सगळी कॉलनी जिजी म्हणायची. जिजी अक्काला 'सवत' म्हणायच्या. "तिला कूलर, मला सूप," असं म्हणत त्या सुपाने वारा घ्यायच्या. पण उन्हाळ्याच्या दुपारी गव्हाची परात घेऊन त्या त्याच खोलीत निवडत बसायच्या, अक्काच्या काचेच्या पेटीकडे पाठ करून. "बोलणं नाही आमचं," हे मला बजावून.

कोळी घेणं किंवा देणं ही नानांच्या लेखी सोयरीक होती. स्थळ आलं की आपण गाव विचारतो, कूळ विचारतो, मामा कुठले ते विचारतो. नानांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "माय कोन शे?" म्हणजे या कोळ्याची आई कोण, कुणाच्या घरी वाढली, पिल्लं तिथेच फुटली का. ज्या विकणाऱ्याला माय सांगता येत नाही, त्याने ते जनावर रानातून उचललंय, असं नाना धरून चालायचे. परदेशी जात असेल तर दुसरा प्रश्न सरकारी नोंदीच्या कागदाचा. बहुतेक विकणारे पहिल्याच प्रश्नाला फोन ठेवायचे. एकाने चिडून विचारलं, "तुमची माय कोण, ते सांगा आधी." नाना शांतपणे म्हणाले, "अंजनाबाई, पिंपळनेरची. आता तुमच्या कोळ्याची सांगा."

हा प्रश्न नानांना कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. तो त्यांनी फार महागात घेतला होता.

निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी, हाताला काम नाही म्हणून, नानांनी इंटरनेटवर फोटो पाहून एक कोळी मागवला होता. इकडचीच कुठलीतरी तपकिरी जात. प्रश्न एकही विचारला नाही. प्लास्टिकच्या बरणीत पार्सल आलं. आत मूठभर माती, सागाच्या पानाचा तुकडा आणि एक दमलेली मादी. तीन आठवड्यांत तिने पांढऱ्या रेशमाची गोळी विणली आणि त्यात अंडी घातली. नानांनी कॉलनीत घरोघर जाऊन ही बातमी सांगितली, लोकांना अभिनंदन करावं की दार लावावं ते कळेना. चौथ्या दिवशी मादीने ती गोळी स्वतःच खाऊन टाकली. पुढच्या आठवड्यात मेली.

नानांनी बरणीतली माती हातावर घेतली. टॉर्च मारून पाहिली, हुंगली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, ही माती आपल्याकडची शे." नानांचं गाव साक्रीकडचं, आजोळ पिंपळनेरच्या डोंगरातलं, जीव हलला की त्यांची बोली अशी वर यायची. मातीच्या वासावरून तालुका सांगणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि मी वर्गात तीस वर्षं भूगोल शिकवलाय.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बसने पिंपळनेरला. तिथून पायी. नानांच्या मामाच्या शेतामागे एक उतार होता, लहानपणी त्यांनी तिथे बिळं पाहिलेली होती. बिळं नव्हती. पहारीने उकरलेले खड्डे होते, एकाला लागून एक, जसं कुणी भुईमूग काढून नेलाय. बाजूला एक म्हातारी बकऱ्या चारत होती.

"आजी, इथल्या कोळ्यांच्या माद्या कुठे गेल्या?" नानांनी विचारलं.

"त्या? पाऊस येवाना पहिले दारमा येईसन बसेत. आमले कळे, पानी येवाव शे." पावसाआधी त्या बिळाच्या दारात येऊन बसायच्या आणि हिला पाणी येणार हे कळायचं. "पोऱ्या पहार लिसन वना, ली गया. शहरमा लोके इकत लेतस म्हने." कुणी पोरगा पहार घेऊन आला आणि त्या घेऊन गेला, शहरात लोक विकत घेतात म्हणून. मग तिने नानांच्या चपलांपासून चष्म्यापर्यंत नजर फिरवली. "तू लिधी का?"

"एक," नाना म्हणाले.

"तू लिधी म्हनीसन त्यानी खंदी."

तू घेतलीस म्हणून त्याने खणली. एवढंच. रागावली नाही, शाप दिला नाही. बकऱ्या पुढे सरकल्या होत्या, त्यांच्यामागे गेली. परतीच्या बसने आम्ही धुळ्याला आलो. स्टँडवर चहा हातात आला तेव्हा नाना म्हणाले, "मी विचारायला पाहिजे होतं ना मास्तर, हिची माय कोण."

"नाना, तीच माय होती," मी म्हणालो. माझ्या तोंडून आयुष्यात जी दोनचार खरी वाक्यं निघाली त्यातलं ते एक. नानांनी चहा तसाच ठेवला.

त्यानंतर त्यांनी पुन्हा कोळ्याचं नाव काढलं नसतं तर मला नवल वाटलं नसतं. पण बॉयलरवाला माणूस. बिघाड झाला म्हणून बॉयलर सोडून जात नाही, नीट चालवायला शिकतो. वर्षभर त्यांनी नुसतं वाचलं आणि माणसं शोधली. शेवटी पुण्यात एक बाई सापडल्या, पेशाने दातांच्या डॉक्टर. त्यांच्याकडे एका केशरी गुडघ्यांच्या मादीची पिल्लं घरातच फुटली होती, आणि मायची, मायच्या मायची अशी तीन पिढ्यांची वही होती. नाना खुश. पण बाई नानांपेक्षा वस्ताद निघाल्या. म्हणाल्या, "काका, मे महिन्यात दुपारी तीन वाजता खोलीतल्या थर्मामीटरचा फोटो पाठवा." नानांनी टकटक करून इमानदारीत पाठवला. उत्तर आलं: "तुमच्या घरात ती शिजेल. नाही देणार."

दुसरा कोणी असता तर बर्फाचा तुकडा लावून फोटो काढला असता. मी तसं सुचवलंही. नाना वर्ष थांबले. त्यांनी खोलीच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, माठाच्या खापराची दुहेरी भिंत रचली, त्या पोकळीत पाणी फिरवलं, वीज गेली तर चालायला बॅटरीवरचा पंखा बसवला. पुढच्या मे महिन्याचा फोटो गेला आणि बाईंनी होकार दिला. एक अट घातली: "नकोशी झाली तर कुणाला विकायची नाही. मला परत आणून द्यायची." नाना म्हणाले, ही बाई खरी.

बाईंनी कुरिअरने पाठवायचं विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तरी नाना तयार झाले नसते. "कुरिअरने पार्सल येतं. लेकी येत नाहीत." ते स्वतः पुण्याला गेले. स्टीलच्या डब्याच्या झाकणाला बारीक भोकं पाडली, आत ओलसर कापूस, आणि डबा मांडीवर घेऊन रेल्वेने परत आले. समोर आमच्याच बाजूचं एक कुटुंब, कळण्याच्या भाकरी आणि ठेच्याची शिदोरी सोडून बसलेलं. खानदेशी माणूस एकटा जेवत नाही. त्यांनी नानांपुढे भाकरी केली आणि विचारलं, "नाना, डबामा काय शे? सोडा ना तुम्ही बी."

"मन्ही पोर शे," नाना म्हणाले.

माझी पोर आहे डब्यात. मनमाड येईपर्यंत रेल्वेच्या त्या डब्यात कुणी घास चावला नाही, असं नाना सांगायचे. मी सांगताना त्यात एक टीसी घालतो, जो तिकीट न बघता पुढे गेला.

आणली लेक म्हणून, पण वागली मोठ्या बहिणीसारखी. नानांची थोरली बहीण अशीच होती: कोपऱ्यात बसायची, कमी बोलायची, आणि उठली की अख्खं घर सावरून बसायचं. म्हणून नाव अक्का. तिला हात लावायचा नाही, हा नानांचा दंडक होता. "तिच्या घरी आपण पाहुणे." मी एकदा, नाना नसताना, पेटीचं झाकण उघडून हळूच फुंकर मारली. अक्काने मागच्या पायांनी पाठीवरचे केस झाडले, धुळीसारखे, दिसलेसुद्धा नाहीत. चार दिवस माझा हात आणि नाक इतकं खाजलं की मी भाषण करायला उभा राहिलो असतो तर लोकांना तमाशा वाटला असता. नाना आले, हात पाहिला, एवढंच म्हणाले, "काय म्हणाली मग?"

नऊ वर्षं असं चाललं. मग नानांच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. आधी कडा गेल्या, मग हळूहळू मधलंही धूसर. नाना कुणाला सांगत नव्हते, सवयीने सगळं करत होते.

कोळी कात टाकतो तेव्हा उताणा पडतो आणि अंग लोण्यासारखं मऊ होतं. त्या वेळी पेटीत जिवंत किडा सोडायचा नाही, नाहीतर तोच कोळ्याला कुरतडतो. हे नानांनी मला शंभर वेळा सांगितलं होतं. एका दुपारी त्यांनी चिमट्याने अक्काच्या खाण्याचं झुरळ सोडलं, झाकण लावलं, आणि गहू निवडणाऱ्या जिजींनी नऊ वर्षांत पहिल्यांदा मान वळवून पेटीकडे पाहिलं. "अहो, ती उताणी पडली आहे. आणि ते तिचा पाय खातंय."

झुरळ जिजींनीच काढलं, स्वयंपाकाच्या सांडशीने. अक्का वाचली, एका पायाचं टोक गेलं. पुढच्या कातीला ते पुन्हा येतं. मी भिंतीवरून वाकून विचारलं तेव्हा नाना पायरीवर बसले होते. "मास्तर," ते म्हणाले, "असा माणूस माझ्याकडे कोळी घ्यायला आला असता, तर मी दिला असता का?"

मी भिंत ओलांडून त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"मी बाद झालो," नाना म्हणाले.

पुण्याच्या डॉक्टरबाईंना फोन केला, पण त्या आता परदेशात होत्या. "काका, तुम्ही ज्याला निवडाल त्याला माझा होकार," एवढं म्हणाल्या. इकडे नानांची मुलगी पुण्याहून रोज फोन करत होती: ऑपरेशन लवकर करा, उरलंय तेवढं तरी वाचेल, कायमचे इकडे या. पण नातवाला दमा, त्या घरात अक्काचे केस चालणार नव्हते. म्हणजे अक्का मार्गी लागेपर्यंत नाना हलणार नाहीत, आणि जेवढा उशीर तेवढी नजर जाणार. जिजींनी एकदाच विचारलं, "सवतीसाठी डोळे घालवणार का?" नाना म्हणाले, "लेक म्हणून आणलं होतं ना तिला मी?"

आणि आम्ही स्थळं पाहायला निघालो. स्कूटर माझी, पाठ माझी. धुळ्यापर्यंतचा प्रत्येक खड्डा माझ्या मणक्यांनी नोंदवून ठेवलाय. धुळ्याचा मुलगा व्यायामशाळा चालवणारा, दंड माझ्या मांडीएवढे. त्याला अक्का खांद्यावर बसवून व्हिडिओ करायचे होते.

"नाना, हातावर चालते ना ती?"

"चालते. पडली तर फुटते. तू चालशील का माझ्या हातावर?"

पोरगा हसला. नाना उठले.

दुसरं स्थळ गावातच, भांड्यांच्या पेढीवाले शेठ. मारवाडी जैन घर, माणूस सोन्यासारखा. नातवाने हट्ट धरला म्हणून बोलावलेलं. शेठनी बदामाचं दूध पाजलं, खोली दाखवली, एसी दाखवला. सगळं पसंत पडत होतं. मग शेठनी विचारलं, "नाना, यह खाती क्या है?"

"किडे, शेठ. जिवंत."

शेठनी दुधाचा पेला खाली ठेवला. "खजूर नहीं चलेगा? भिजवलेली मूगदाळ?"

"नाही हो."

"उपवास ठेवेल का? चौदसला?"

"शेठ, उपवास ती तीन-तीन महिने ठेवते, पाण्यावर, तुमच्या घरात कुणी ठेवला नसेल असा. पण पारणं झुरळाचंच."

शेठनी हात जोडले. "मग हे पाप आमच्याकडून होणार नाही." नानांनीही हात जोडले. जिन्यात मला म्हणाले, "नाही म्हणायला येतं त्या घरात लेक सुखी राहते. पण उपाशी."

असे दोन महिने गेले. स्कूटरवर नाना आता माझा खांदा धरून बसायचे, आधी धरत नसत.

मग दीपनगरची वसुधा. वीज केंद्रात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करणारी, चाळिशीची, एकटी, कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये दोन कोळी आधीच बाळगून. आम्ही बसलो. नाना प्रश्न विचारायला सरसावले तोच तिने वही उघडली. "काका, आधी मी विचारते. हिची माय कोण?"

सरसावलेले नाना मागे सरकले. मग शाळेतल्या पोरासारखे सरळ बसून सांगू लागले: माय, मायची माय, पुण्याचं घर, कागद, शेवटची कात कधी, पाय कुठला दुखावला आणि का. ते 'का' त्यांनी गाळलं नाही. वसुधाने सगळं लिहून घेतलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण आत्ता नाही नेणार मी."

"का?"

"क्वार्टरला रंग देतायत. तो वास तिला बाधेल. शिवाय कॉलनीत दर महिन्याला झुरळांची फवारणी होते. माझ्या क्वार्टरला वगळा म्हणून अर्ज दिलाय, तो मंजूर होऊ दे. दोन महिने लागतील."

मी म्हणणारच होतो की बाई, यांच्याकडे दोन महिने नाहीत. नानांनी अंधुक नजरेनेच माझ्याकडे पाहिलं आणि मी गिळून टाकलं. "घाई नाही," नाना म्हणाले. परतीच्या वाटेवर भुसावळ ओलांडल्यावर पाठीमागून हसू ऐकू आलं. "मास्तर, पास झालो आपण."

पुण्याहून मुलीचे फोन वाढले. डोळ्यातलं प्रेशर वाढलंय, डॉक्टर म्हणतात थांबू नका. नाना म्हणाले, "प्रेशर मी जन्मभर सांभाळलंय. दोन महिने धरेल." त्यांनाही माहीत होतं की धरणार नाही. धरलं नाही.

त्या दोन महिन्यांत जिजी पेटीकडे तोंड करून बसायला लागल्या. रोज संध्याकाळी नानांच्या खिशातला टॉर्च त्यांच्या हातात असायचा, आणि भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

"काय करते?"

"बसली आहे."

"पाय आत का बाहेर?"

"आत. तोंड फिरवून. तुमच्या बहिणीसारखी."

"पाणी?"

"आहे. खा गं बाई, दोन दिवस झाले."

मी जिजींना विचारलं, बोलणं सुरू झालं वाटतं. "बोलत नाही," त्या म्हणाल्या, "नुसतं विचारते."

अर्ज मंजूर झाला. वसुधा रविवारी सकाळी सहाला आली, ऊन तापायच्या आत, गाडी घेऊन. जिजींनी तोच पुण्याचा स्टीलचा डबा घासून ठेवला होता. आत वातींचा कापूस. झाकणावर त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं, आणि शिदोरी म्हणून झुरळांची बरणी वसुधाच्या हातात दिली, लाडवांची द्यावी तशी. नानांनी कागद दिले, वही दिली. मग डबा दोन्ही हातांत घेऊन झाकणावर नखाने दोनदा टकटक केली आणि कान लावला. आतून काही आवाज आला नाही.

"बरोबर," नाना म्हणाले.

गाडी फाटकातून निघाली आणि डावीकडे वळली, हायवेच्या दिशेने. नाना फाटकाशी उभे राहिले आणि उजवीकडे तोंड करून हात हलवू लागले. उजवीकडे विजेचा डीपी आहे, कुंपण घातलेला ट्रान्सफॉर्मर. मी सांगायला तोंड उघडलं. जिजींनी माझ्याकडे बघून मान हलवली, नाही. मग त्या नानांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीही डीपीकडे बघून हात हलवायला सुरुवात केली. मीही हलवला.

"गई का?" नानांनी विचारलं.

"गई," जिजी म्हणाल्या. "वळणावर जराशी थांबली होती."

गाडी कुठेच थांबली नव्हती. नानांनी हात खाली घेतला.